निरांजनाची काजळी

इंग्लंडातल्या आमच्या अख्ख्या मिल्टन कीन्स गावात निरांजनाचा खरा उपयोग कळलेला माणूस एकच: आमचे शेजारी, निवृत्त भूलतज्ज्ञ. जन्मभर पेशंट झोपवून रिटायर झाल्यावर हे गृहस्थ जुन्या धाटणीची पिस्तुलं जुळवू लागले. शोभेची, नळी आतून भरीव, उडण्याची सोयच नाही. "ह्यांच्यासारखीच. रुबाब मोठा, आवाज नाही," असं वहिनी म्हणायच्या. सुटे भाग कारखान्यातून खोक्यात येत. डॉक्टर ते खोकं आधी देवापुढे ठेवत आणि परत नेताना तिथलं निरांजनही गॅरेजमध्ये नेत. "अहो, देव अंधारात बसलेत!" वहिनी ओरडत. "बसू देत. नोव्हेंबरात चार वाजल्यापासून आपण नाही बसत?" आतून उत्तर येई.

खटक्याची लोखंडी पट्टी ज्योतीवर धरायची, काजळी धरली की लाकडी दस्त्यात कोरलेल्या खाचेत दाबायची. जिथे काळा डाग उठेल तिथे लाकूड अडतंय. तेवढंच पटाशीनं खरवडायचं आणि पुन्हा काजळी धरायची. एका दस्त्यात हिवाळा सरे. मी चहाला गेलो की काळ्या बोटांनी बिस्किट पुढे करत ते म्हणत, "पट्टी जागेवर बसली की पेशंट शांत झोपल्यासारखा आवाज येतो. ऐका." मला काहीच ऐकू येत नसे. मी मान डोलवी.

इथल्या महाराष्ट्र मंडळात मात्र मी सांगत सुटे, "त्यात काय, तयार किट! कपाट जोडतो तसे स्क्रू पिळायचे." एका खंडेनवमीला डॉक्टरांनी पिस्तूल पूजेला आणलं. मांडणी माझ्याकडे होती. पाटावर लॅपटॉप, स्टेथोस्कोप, कुणाच्या तरी कारची किल्लीसुद्धा होती. तरी मी म्हणालो, "डॉक्टर, इथे हत्यारं ठेवतात, खेळणी नाही." हशा पिकला. तेही हसले, पिस्तूल रुमालात गुंडाळलं आणि आरती संपेपर्यंत मांडीवर धरून बसले. त्यानंतर त्यांच्या गॅरेजचा दिवा कधी लागला नाही.

यंदा डॉक्टरांचे हात थरथरू लागले म्हणून दोघं ग्लासगोला मुलीकडे गेले. निघताना डॉक्टरांनी अर्धवट राहिलेलं पिस्तूल आणि निरांजन माझ्या हातात दिलं. "घ्या. स्क्रूच तर पिळायचेत."

तेव्हापासून मी खरवडतोय. काजळी दस्त्यापेक्षा माझ्या नाकालाच जास्त. जे हसले, त्यांना एकेकाला गाठून सांगतोय की कारखान्यातून नुसतं लोखंड येतं, पिस्तूल डॉक्टर करत. काल डॉक्टरांना फोन लावला, तो दस्त्याजवळ धरून पट्टी दाबली आणि विचारलं, "आला आवाज?"

"पुन्हा दाबा," ते म्हणाले; मी दाबली.

"अजून एक डाग आहे," डॉक्टर हळूच म्हणाले. "घाई करू नका."

खंडेनवमी जवळ आलीय. या वेळी पाटावर मधली जागा मी राखून ठेवली आहे. निरांजन गॅरेजमध्येच असतं. आमचे देव अंधारात बसलेत.