हनुमंतरावांचं मासीव्रत

हनुमंतराव नीलगिरीत सरकारी नकाशे काढत. तिथल्या गोऱ्या इंजिनिअरसाहेबाला ओढ्यातल्या ट्राउट माशांचं वेड होतं. गळाला किडा लावायचा नाही. कोंबड्याची पिसं दोऱ्यानं बांधून खोटी माशी करायची, आणि ती पाण्यावर अशी अलगद उतरवायची की मासा फसून वर यावा. साहेब विलायतेला परतला तेव्हा आपली बांबूची लवचिक काठी हनुमंतरावांना देऊन गेला, आणि नादही.

पेन्शन घेऊन ते कुंभकोणमला आले. काठी सुटी करून छत्रीच्या पिशवीत राहू लागली, माश्या तपकिरीच्या डबीत. ट्राउट इथे कुठला? पण कावेरीतला केंडै मासाही माशीला फसतो, हे त्यांनी हळूच पाहून घेतलं. धरलेला मासा ते सोडून देत. तरी ज्या घरात कांदा शिजत नाही, तिथे हे सांगायचं कसं?

सत्तावन सालच्या फेब्रुवारीत एका पहाटे ते सायकल काढत होते. आतून बायकोनं, अंबुजाबाईंनी, विचारलं, "अहो, इतक्या लवकर कुठें?"

मन डबीत होतं. तोंडातून निघून गेलं, "माशी."

तंजावरी मराठी जिभेला 'श' आणि 'स' यांत फारसा फरक नाही. नदीस्नानाच्या पुण्याचा तमिळ मासी महिना त्याच दिवशी लागला होता. अंबुजाबाईंनी हात जोडले.

संध्याकाळी ओसरीवर त्या शेजारच्या मीनाक्षीबाईंना सांगत होत्या, "महिनाभर नदीवर स्नान करणार. मला बोलले सुद्धां नाहीत."

"बोलून दाखवतात ते कसले व्रत करतात?" मीनाक्षीबाई म्हणाल्या. "आमच्यांकडे बघ, एकदा पट्टीश्वरम्‌च्या देवळाला चालत गेले, ते अजून सांगताहेत."

हनुमंतराव आत उभे होते. हसून सांगून टाकायची वेळ तीच होती. ती गेली. पुढे गोविंदपुरम्‌च्या मठातल्या भजनात त्यांना पुढे बसवू लागले, आणि ते मान खाली घालून टाळ वाजवत राहिले. लोकांना तो विनय वाटला.

मग मीनाक्षीबाईंचे यजमान अप्पाराव अंथरुणाला खिळले. मासी मघा, म्हणजे त्या महिन्यातलं मोठं स्नानपर्व, त्याच्या आदल्या दिवशी त्या पितळी चंबू घेऊन आल्या. "भावजी, उद्यांचे पाणी तुमच्या हातचे हवें. व्रतस्थाच्या हातचे. त्यांनीच मागितलेंय."

हनुमंतरावांनी ठरवलं, उद्या आधी स्नान, मग चंबू, मग घर. काठी मात्र सवयीनं बरोबर गेली.

सुंदरपेरुमाळ कोयिल गावाच्या पलीकडे, पुंगाच्या झाडाखाली, डोहात एक थोराड केंडै वर येऊन गेला. एकदाच, असं म्हणून त्यांनी दोरी टाकली. मासा लागला. खूप वेळ झुंजला. त्याला सोडेपर्यंत ऊन वर आलं होतं. त्याच हातांनी चंबू भरून ते तसेच घरी निघाले.

शेजारी अंथरुणावरून अप्पारावांनी ओंजळ पुढे केली होती. अंबुजाबाईंनी चंबू उचलला आणि थांबल्या. चंबूच्या गळ्याशी एक खवला चिकटून चमकत होता. त्यांनी नवऱ्याच्या कोरड्या केसांकडे पाहिलं. मग अंगठा खवल्यावर ठेवला, आणि चंबू हातातून सुटला.

"अंबुजा! मघाचें पाणी!" मीनाक्षीबाई म्हणाल्या. "जरा जपून धरायचें. तो माणूस महिनाभर कष्ट करतोय, आणि तू."

"चुकलें माझें," अंबुजाबाई म्हणाल्या, आणि फडक्यानं जमीन पुसू लागल्या.

  दाराच्या चौकटीला धरून हनुमंतराव बायकोची वाकलेली पाठ बघत राहिले.

 घरी ताट वाढताना अंबुजाबाई फक्त म्हणाल्या, "उद्यां स्नान करून आणा."

दुसऱ्या दिवशी काठी घरी राहिली. ते गळ्यापर्यंत पाण्यात उभे असताना केंडै हातभर अंतरावर उसळला. त्यांनी डोळे मिटून घेतले. तिथून भरून आणलेलं पाणी अप्पाराव प्याले, त्यांनी हनुमंतरावांना नमस्कार केला, आणि तो हनुमंतरावांना घ्यावा लागला.

पुढे दरवर्षी त्यांनी तो महिना नदीवर खरंच स्नान केलं. अंबुजाबाईंनी मात्र त्याचं कौतुक पुन्हा कुणाजवळ केलं नाही. आणि हनुमंतरावांनी 'मासी' हा शब्द पुन्हा तोंडातून काढला नाही. महिन्याचं नाव घ्यायची वेळ आलीच, तर ते संस्कृतात 'कुंभमास' म्हणत.