नऊचा फोन

पडदा उघडतो तो बोरी बुद्रुकात, सयाजीच्या किराणा दुकानात. सत्त्याण्णव सालचा उन्हाळा. बाहेर एसटीडीची पिवळी पाटी, आत गुळाच्या ढेपा, आणि मधोमध, देव मखरात बसवावा तसा, लाकडी पेटीतला लाल फोन. त्या आठवड्यात गावात तेवढाच चालू होता. फोनसमोर बाकड्यावर धर्माजी बसलेला. अंगात इस्त्रीचा सदरा, मिशीला काळा रंग, डोक्याला गुलाबी फेटा.

"धर्माआबा, रेडिओवर फेटा दिसतो व्हय?" सयाजीनं चिमटा काढला.

"दिसत न्हाई रं, पन आवाजात उतरतो."

उभी हयात त्यानं तमाशात सोंगाड्या म्हणून काढली. खेळाची सुपारी घेतली की धर्माजी पोचलाच. नारायणगावच्या तमाशाच्या राहुट्यांत फडमालक म्हणायचे, एक वेळ ढोलकी फाटेल, पण धर्माजी चुकणार नाही. वडील गेल्याचा सांगावा आला, तेव्हाही त्यानं आधी वग पुरा केला, लोकांना पोट धरून हसवलं आणि मगच गावाची गाडी धरली. तोवर चिता विझली होती.

आज सुपारी होती पुण्याच्या रेडिओ केंद्राची. मुलाखत थेट जाणार होती. तिथल्या बाईंनी आदल्या दिवशी बजावलं होतं, "आजोबा, बरोबर नऊला फोन करू. लाइन मोकळी ठेवा. फोन लागला नाही तर गाणं लावून आम्हाला पुढे जावं लागेल."

पण धर्माजीचा जीव वरखाली होत होता तो रेडिओपायी नव्हे. घरी त्याची बायको, लंकाबाई, उशाशी ट्रान्झिस्टर घेऊन अंथरुणात होती. दम्यानं पार खंगलेली. एके काळी तिच्या लावणीवर जत्राच्या जत्रा डोलल्या, पण पोस्टरवर छापून यायचं, 'सोंगाड्या धर्माजी आणि संच'. त्या संचातच तिची जिंदगी सरली. सकाळी तो निघाला तेव्हा तिनं विचारलं होतं, "माजं नाव घ्याल न्हवं?"

"सगळ्यात आदी तुजंच."

नऊ वाजायला आले आणि शेजारची बयाबाई अनवाणी धावत आली. "सयाजी, सुनंचं दिवस भरलं न्हाईत आन् रगत जातंय, थांबंना! नारायणगावच्या जीपवाल्याला फोन लाव!"

सयाजी घुटमळला. "मावशे, वाईच थांब. आबांचा रेडिओ हाय."

"आग लागली तुज्या रेडिओला! पोर मरंल माजी!"

धर्माजीनं घड्याळाकडं पाहिलं. उशाशी ट्रान्झिस्टर घेतलेली लंकाबाई त्याला समोर दिसली. मग ती विझलेली चिता दिसली. त्यानं स्वतःच्या हातानं फोन पुढं सरकवला.

"लाव, सयाजी."

लाइन लागेना. पुन्हा फिरवला, पुन्हा तेच. लागली तर जीपवाला आंघोळीला गेलेला. बयाबाई रिसीव्हर कानाला घट्ट धरून रडत उभी. तेवढ्यात फळीवरचा रेडिओ बोलला, "आपले आजचे पाहुणे फोनवर मिळत नाहीत..." आणि कुणाचं तरी गाणं सुरू झालं. धर्माजीनं फेटा उतरवून मांडीवर ठेवला.

जीप आली, सून दवाखान्यात पोचली. धर्माजीचे पाय मात्र घराकडं वळेनात. दुपारी कधीतरी तो उंबऱ्यात येऊन उभा राहिला.

"ऐन वक्ताला कुटं पळाला व्हता सोंगाडे?" लंकाबाईनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं.

"वाचली का पोर?"

"वाचली."

"मग ब्येस झालं," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून निजली. ट्रान्झिस्टर तिनं त्यानंतर कधी लावला नाही.

धर्माजीनं केंद्राला दोनदा फोन केला. "बघू," म्हणाले. पारावर लोक चेष्टा करत, "आबा, म्हातारपनी सुपारी बुडवली म्हनं!" तोही त्यांच्याबरोबर हसायचा. हसण्याचा धंदाच होता त्याचा. दिवाळीच्या आत लंकाबाई गेली.

पुढच्या उन्हाळ्यात दुकानात पुन्हा रेडिओच्या बाईंचा फोन आला. सयाजीनं धर्माजीला बोलावून आणलं. या खेपेला डोक्याला फेटा नव्हता.

"आजोबा, मागे तुम्ही भेटला नाहीत. आता तरी नक्की वेळेवर थांबाल ना?"



"थांबंन की, बाई. मी वक्ताला उबा हाये. पन ऐकनारी उठून गेली."