गोजरबाईची गाठ

गोजरबाईचा कुणावर म्हणून विश्वास नव्हता. गिरणीतून दळण आलं की ती चिमूटभर पीठ जिभेवर ठेवून बघायची, आपलीच ज्वारी आहे ना याची खात्री करायला. पाहुणा "जेवून आलोय" म्हणाला, तर कुणाकडं जेवला हे काढून घेतल्याशिवाय त्याच्यापुढं चहा ठेवायची नाही. पण खवट म्हातारी म्हणून तिला सोडून देणं बरं नाही. सव्विसाव्या वर्षी नवरा गेला आणि तेरावा होतो न होतो तोच दिरांनी शेताचा बांध सरकवला. तोही गोड बोलून सरकवला. तेव्हापासून कुणी गोड बोललं की हिचे कान उभे राहायचे. मग तिनं स्वतः बैल जुंपले आणि उसाच्या गाड्या कारखान्यावर नेल्या. वाटेत उसाचं एक टिपरू कधी घरंगळलं नाही. गाडीवरच्या ओझ्याला तिच्यासारखी गाठ मारणारा गडी मुळा नदीच्या काठाला नाही, असं लोक म्हणत आणि तिला ते अगदी मान्य होतं.

एकाहत्तर साली तिच्या मुलानं, रंगनाथनं, नगरच्या लिलावात मिलिटरीची जुनी जीप घेतली. गोजरबाईनं जीपला तीन फेऱ्या मारल्या.

"दारं कुनी काढली हिची?"

"जीपला दारं नसत्यात, बाई," रंगनाथ आईला म्हणाला.

"तुला तसं सांगितलं आसंल."

दारं नसल्याची खरी काळजी श्रीमंतमुळं होती. लग्नानंतर नऊ वर्षांनी झालेला हा नातू दोन वर्षांचा, आणि अंगात नुसता पारा. सून पुष्पावती हिची आई नेवाशाला अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं दर सोमवारी पोराला घेऊन तिकडं जाणं आलंच. एकदा खड्ड्यात जीप आदळली आणि श्रीमंत आईच्या मांडीवरून पार कडेपर्यंत गेला. त्या दिवशी घरात कुणाला घास गोड लागला नाही.

तेव्हा सुताराकडून पुढं आडवी दांडी असलेली बुटकी बाळखुर्ची करून घेतली. जीपचा ड्रायव्हर कानिफनाथ म्हणाला, "तळाला भोकं पाडून बोल्टानं आवळू. वरून कापडी पट्टा लावू."

कानिफनाथ मिलिटरीत गाडी चालवून आलेला, बोलायला कमी. गोजरबाईच्या लेखी हाही गुन्हाच, कमी बोलणारा काहीतरी झाकत असणार. त्यातून त्याच्या मेव्हण्याचं राहुरीला वर्कशॉप होतं, हे तिनं आधीच काढून ठेवलं होतं. म्हणजे बोल्टाचे पैसे तिकडंच जाणार.

"बोल्ट नको न् बिल्ट नको," ती म्हणाली. "शंभर मोळ्या बांधल्यात ह्या हातानं. एक खुर्ची जड न्हाई."

अंबाडीचा दोर घेऊन तिनं खुर्ची पुढच्या सीटमागच्या लोखंडी दांडीला करकचून बांधली. कानिफनाथनं गाठीकडं एक नजर टाकली आणि तो स्टिअरिंगवर जाऊन बसला.

जीप परत आली की गोजरबाई आधी गाठ बघायची, मग नातू. तिसऱ्या सोमवारी तिच्या काळजात चर्र झालं. ती दोराचं टोक नेहमी उजवीकडं सोडायची, आज ते डावीकडं होतं. कुणीतरी गाठ सोडली होती! सुनेला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय म्हाईत, आत्याबाई. मी आईपाशी हुते."

पुढच्या सोमवारी गोजरबाईनं गाठीच्या पोटात हळद भरली. संध्याकाळी जीप अंगणात आली तेव्हा गडीमाणसं, शेजारीपाजारी सगळे होते. तिनं कानिफनाथचा हात धरून सर्वांसमोर उलटा केला. बोटं पिवळीधमक.

"गाठीला हात लावलास का न्हाई?"

"लावला," कानिफनाथ म्हणाला. "पर मावशी..."

"लावला म्हनतोय! ह्यो माझ्या नातवाच्या जिवावर उठलाय!"

कानिफनाथनं जीपची किल्ली कट्ट्यावर ठेवली आणि चालता झाला. रंगनाथनं हाका मारल्या, पण तो वळला नाही. गोजरबाईला त्या रात्री शांत झोप लागली.

पुढच्या खेपेला जीप रंगनाथनं चालवली आणि गोजरबाई स्वतः मागं बसली. गाठीत हळद भरायला ती विसरली नाही. पोटचा मुलगा असला म्हणून काय झालं! नेवाशाच्या वाटेवर दोनदा थांबले, पाणी प्यायले, पुढं निघाले. ती सुनेच्या आईच्या दुखण्याबद्दल खोदून खोदून विचारत होती, तेवढ्यात वळण आलं. खुर्ची दोरासकट कलंडली आणि श्रीमंत अर्धा बाहेर लोंबला. गोजरबाईनं झेप घालून त्याचं झबलं पकडलं. झबलं खांद्यात टर्रकन फाटलं, पण पोर हाताला लागलं.

जीप थांबली. पुष्पावती पोराला छातीशी धरून रडत होती. गोजरबाई गाठीकडं वळली. दोर ढिला पडला होता, पण गाठ जशीच्या तशी होती. तिनं मुलाचे हात बघितले, सुनेचे बघितले. दोघांचे स्वच्छ. पिवळी होती ती फक्त तिची स्वतःची बोटं.

आता कुठं म्हातारीला उमगलं. दोर आपोआप ढिला होत होता, आणि कानिफनाथ तो वाटेत पुन्हा आवळत होता.

घरी न जाता तिनं जीप थेट कानिफनाथच्या दारात उभी करायला लावली. तो ओसरीवर बसला होता, शेजारी त्याची आठ वर्षांची राही पाटी पुसत होती.

"किती डाव आवळायचास?" गोजरबाईनं विचारलं.

"थांबलो अन् वैनी लेकराला घिऊन उतरल्या, की आवळायचो," तो म्हणाला. "उसाची मोळी आतून दोराला ताणून धरती, मावशी. खुर्ची कशाला धरंल? हादऱ्यानं ढिला व्हतोच दोर."

"मंग तवाच बोलला का न्हाईस?"

"तुमची गाठ ढिली, आसं तुमाला कोन सांगनार?"

"बोल्ट लाव," ती कशीबशी म्हणाली. "पट्टा बी लाव. माघारी ये, कानिफा."

"बोल्ट लावून देतो, लेकराचा जीव हाय. पर मला बोललात त्याचं जाऊ द्या, शाळंत पोरं माझ्या राहीला म्हनत्यात, तुझा बाप लेकरं मारतो. दोन दिस झालं, शाळंत गेली न्हाई."

गोजरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं चुकलं, हे शब्द तिनं नवऱ्यालाही कधी ऐकवले नव्हते. ती राहीसमोर उकिडवी बसली.

"माझं चुकलं, राही. तुझ्या बापानं आमच्या श्रीमंतला दर खेपंला राखला. म्या खोटं बोलले. उद्या तुझ्यासंगं शाळंत येते, अन् समद्या पोरांम्होरं हेच सांगते."

राहीनं पाटी पोटाशी धरली आणि तिला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"खरंच येनार? का आत्ता नुसतं गोड बोलताय?"

गोजरबाईच्या डोळ्यांना धार लागली. दुसऱ्या दिवशी पहिल्या घंटेच्या तासभर आधीच ती राहीच्या दारात येऊन उभी राहिली.