पेरूच्या झाडावरची सीडी

ताईला आणून दिलेला सीडी प्लेयर नवा नव्हता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. गेल्या महिन्यात अमरावतीहून भाच्याचा, अविनाशचा, फोन आला, "मामा, आई गेली." रडू यायच्या आधी मला वाटलं... सुटलो.

भाऊजी शंकरपटाचे निवेदक. शर्यतीत बैलजोड्या सुटल्या की माईकवर त्यांचा आवाज चढायचा, मधूनच कुणाची फिरकी. "ओ धोतरवाले मामा, बैलाले वाट द्या, सोयरीक मंग जुळवू!" अशा एका पटाची सीडी गावातल्या फोटोवाल्यानं भरून दिली होती. तेवढी एकच. भाऊजी गेले, पाठोपाठ ताईला अर्धांगवायू झाला; खाट, खिडकी आणि अंगणातलं पेरूचं झाड एवढंच तिच्या वाट्याला उरलं. त्यात घरातला प्लेयर बंद पडला. "त्याहिचा आवाज तेवढा ऐकू दे रे बापा," ती म्हणाली.

अकोल्यात दुकानात दोन होते. एक नवा, एक वापरलेला, निम्म्या किमतीचा. मुलीची फी भरायची होती, हे खरं. पण खरं कारण ते नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, फार दिवस नाहीत. मग नवा कशाला... असं मी मनात म्हटलं. दुकानदार रफिकभाईंनी बजावलंही, "साहेब, याचं भिंग थकेल आहे. विकतच्या सीडी वाजवते, घरी भरलेल्या कवा सोडून देईन, भरोसा नाही." मी तोच घेतला.

"काहून रे एवढा खर्च केला?" ताई म्हणाली. "जुना चालला असता मले."

"नवाच आहे, ताई." बहिणीचं आयुष्य मोजून घेतलेली वस्तू जुनी आहे, हे मला म्हणवेना.

ताई त्यानंतर चार वर्षं जगली. पहिल्याच उन्हाळ्यात सीडीतले भाऊजी अडखळू लागले, मग गप्पच झाले. प्लेयर नवा, म्हणजे बिघाड सीडीतच. "हे असेच," ताई हसली, "पट रंगात आला का चहा प्यायले पसार!" मी म्हणालो, "जुन्या सीडी जातातच, ताई." दुसऱ्या प्लेयरवर ती वाजली असती. पण मग पहिल्याचं काय सांगणार होतो?

पोपट पेरू टोचतात म्हणून तिनं सुनेकडून ती सीडी झाडाला बांधून घेतली. खाटेवरून फिरताना दिसायची. "पाह्य, तुहे भाऊजी अजून हाकलून राह्यले." दर रविवारी अकोल्याहून येताना मी बसमध्ये कबुलीचं वाक्य जुळवायचो, बडनेऱ्यापर्यंत ते पाठ व्हायचं. घरात शिरलो की ती शेजारणीला सांगायची, "हाच माह्या भाऊ. यानंच नवाकोरा आणून देल्ला." मी चहा प्यायचो आणि परतायचो.

तेरवीला मी ती सीडी झाडावरून सोडली. उन्हापावसानं वरचा थर उडून काचेसारखी आरपार झालेली; आता ती कुठल्याच प्लेयरवर वाजणार नव्हती. अविनाश म्हणाला, "फेका मामा, बिघडेलच होती ते."

नव्हती. अविनाश, सीडी चांगली होती, प्लेयर खराब होता, आणि मला ते माहीत होतं. तुझ्या आईला हे सांगायचं राहून गेलं. तुझ्या बाबांचा आवाज मी तुला देणं लागतो, आणि तो माझ्याकडे नाही.