मीच मला मेमो दिला

चार जण चहाला बसले की आमच्या कॉल सेंटरचा विषय निघतोच. एक किस्सा सांगावा तर त्याच्या मागे दुसरा उभाच! गंमत अशी की प्रत्येकात फजिती माझीच असते.

परभणीत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. पाण्याच्या मोटारी बनवणाऱ्या कंपनीच्या तक्रारी आम्ही फोनवर घेतो. मी तिथला सीनिअर. सीनिअर म्हणजे चौदा महिने झाले आणि नेमणुकीचं पत्र अजून नाही! त्या पत्रावर माझी सोयरीक अडलेली. सोनपेठच्या पाहुण्यांना मी पसंत होतो, पण ते म्हणाले, "आदी कागद दाखवा, मग सुपारी फोडू."

मॅनेजर सरांना विचारलं, तर म्हणाले, "पत्र पुण्याहून निघालंय." पायी निघालं असतं तरी एव्हाना पोचलं असतं! हे मी मनात म्हणालो. तोंडाने म्हणालो, "थँक्यू सर."

*

ब्रेक सात मिनिटांचा. लघवीला गेलं तरी रजिस्टरमध्ये वेळ लिहायची. हे रजिस्टर सीनिअर म्हणून माझ्याकडे. एकदा मलाच नऊ मिनिटं लागली. नियम म्हणजे नियम! मीच मला मेमो दिला, मीच सही करून घेतला आणि 'पुन्हा असे होणार नाही' असं मलाच लेखी दिलं.

सर खूश झाले. म्हणाले, "याला म्हणतात शिस्त!"

*

ग्राहक चिडला की लगेच माफी मागायची, असा नियम. एका शेतकऱ्याची मोटार तीन दिवसांत दोनदा जळाली होती. तो शिव्या घालतोय, मी माफी मागतोय. सातव्या माफीला तो एकदम थंड झाला.

"तू कशाला माफी मागायलास बाबा? तू जाळली का मोटार? जेवलास का?"

मी गडबडलो. नियमाप्रमाणे विचारलं, "मी आपल्याला आणखी काही मदत करू शकतो का?"

"मला न्हाई. तुला काई लागलं तर सांग!"

खरं सांगतो, मला भरून आलं.

*

पत्र कुणालाच मिळालं नव्हतं, म्हणून शेवटी सगळ्यांनी मिळून ती मागायचं ठरवलं. ताडकळसची सुरेखा आमच्यात सगळ्यात धीट. ती म्हणाली, "तुमी सीनिअर हाव, तुमीच बोला. आमी मागं हाव."

मी दोन दिवस भाषण पाठ केलं. केबिनमध्ये शिरलो, सरांनी मान वर केली आणि माझ्या तोंडून निघालं, "नमस्कार सर, मी आपल्याला काय मदत करू शकतो?"

सर म्हणाले, "बरं झालं विचारलंस. रविवारी पण या सगळे."

पत्र मागायला गेलो आणि सुट्टी देऊन आलो! सुरेखा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही.

*

फोनवर आम्हाला खरं नाव सांगता येत नाही. मी ज्ञानोबा, पण फोनवर समीर. एक दिवस सोनपेठचा कॉल आला. मी नाव, गाव विचारलं. माझी सोयरीक जिच्याशी अडलेली, त्या मुलीचे मामा! मोटारीवर चिकटवलेला नंबर बघून चौकशीला फोन केला होता.

"समीरराव, तुमच्याकडं ज्ञानोबा म्हणून पोरगा हाय. कसा हाय हो?"

कॉल रेकॉर्ड होत होता. कर्मचाऱ्याची माहिती दिली तर नोकरी जाते.

"माफ करा सर, ती माहिती आम्हाला देता येत नाही."

"आवो, पोरगी द्यायची हाय. परमनंट हाय का, एवडंच सांगा."

"माफ करा सर, देता येत नाही."

"दारूबिरू?"

"माफ करा सर..."

मामा आवाज खाली आणून म्हणाले, "समजलो. ऱ्हाऊ द्या त्या ज्ञानोबाचं. तुमी मात्र लय सबुरीनं बोलायलाव. बोलण्यावरूनच परमनंट वाटायलाव. समीरराव, तुमचं लगीन झालंय का?"