'आर'चा पाय

मी ज्या संगीताच्या मासिकात सतरा वर्षं काम केलं, त्याचं मास्टहेड, म्हणजे मुखपृष्ठाच्या माथ्यावर असतं ते मासिकाचं नाव, लेस्टरच्या आमच्या एका काकांनी हाताने काढलेलं होतं. काका नात्याचे नव्हेत. माझे बाबा आणि काकू एकाच हॉस्पिटलात डॉक्टर, एवढ्यावरून ते काका. मुंबईत कमर्शियल आर्ट शिकलेले. काकूंच्या नोकरीपायी इथे आले, पहिली दोन वर्षं घरात बसून काढली आणि मग लंडनच्या या मासिकात पानं जुळवण्याच्या टेबलावर लागले. रोज लेस्टरहून ट्रेनने जायचे आणि यायचे. ऐंशीच्या दशकात कधीतरी मासिकाचं जुनं मास्टहेड बदलायचं ठरलं, नेमलेला चित्रकार भांडून निघून गेला, आणि काकांनी चार दिवसांत नवं काढून दिलं.

लाल, जाड अक्षरं. मध्ये फटच नाही. खांद्याला खांदा लावून उभ्या माणसांसारखी. पहिलं अक्षर 'आर', आणि त्याचा पाय ओळीच्या खाली घसरून पुढच्या अक्षराखाली घुसलेला. न्यूजएजंटच्या, म्हणजे पेपरवाल्याच्या दुकानात फळीवर मासिकं एकमेकांवर चढवून ठेवतात, प्रत्येकाची फक्त डावी कड दिसते. म्हणून सगळा जोर पहिल्या अक्षरात पाहिजे, असं काका म्हणायचे. त्या पायावर लोकांचा जीव होता. एकदा एक गृहस्थ आमच्या ऑफिसात आले आणि रिसेप्शनला बाही वर करून दंडावर गोंदलेला तो 'आर' दाखवून गेले.

मला तिथे काकांनीच लावलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं पान सगळ्यांसमोर वर धरलं आणि इंग्रजीत म्हणाले, "हिची आई पुरणपोळी फार छान करते. म्हणून ही इथे आहे." पुरणपोळी म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण हसले सगळे. मग माझ्याकडे वळून मराठीत हळूच म्हणाले, "तुला डोळे आहेत. नजर नाही."

मग त्यांनी तीन आठवडे मला तोच एक 'आर' काढायला लावला. रोज संध्याकाळी ते कागद बघायचे आणि काही न बोलता बाजूला ठेवायचे. तीन आठवड्यांनी मला दिसलं की, त्यांच्या टेबलाचा एक पाय लंगडा होता आणि माझे सगळे कागद घडी घालून त्याच्याखाली सरकवले होते. मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. बाहेर आले तेव्हा ते म्हणाले, "आता बघ, हलत नाही."

सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. ते निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी माझं नाव त्यांनीच सुचवलं, आणि निरोपाच्या भाषणात सांगितलं की दुसरं कोणी नव्हतं.

निवृत्तीनंतरही अंक त्यांच्या घरी पोस्टाने जायचा. मिळाला की त्यांचा मला फोन. "या खेपेला त्या गायकाचे केस पायावर आलेत. पाय झाकायचा नाही, किती वेळा सांगितलं?" मी मीटिंगमध्ये असले तरी बाहेर येऊन ऐकून घ्यायची. आई म्हणायची, किती जीव लावतात बघ तुझ्या कामाला. मी आईला काही सांगत नसे.

मग मासिक दुसऱ्यांनी घेतलं. नव्या मालकांनी वाचकांची पाहणी केली आणि आम्हाला सांगितलं की आपला वाचक आपल्याबरोबर म्हातारा झालाय. पन्नाशीचे, साठीचे पुरुष, घरात रेकॉर्डची कपाटं. आता विशी-बाविशीच्या मुली हव्यात. त्या अंक फळीवर बघत नाहीत, फोनवर बघतात, नखाएवढ्या गोलात. त्या गोलात काकांची अक्षरं घातली की लाल डाग दिसायचा. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नवं मास्टहेड करायचं काम माझ्याकडे आलं, आणि मला आनंद झाला.

मी बारीक, गोल, छोट्या लिपीतली अक्षरं काढली. अंतरं मोकळी सोडली. 'आर'चा पाय काढून टाकला. छोट्या लिपीतल्या 'आर'ला पाय नसतोच. मग ठरलं की दोन्ही मास्टहेड काही मुलामुलींना दाखवायची आणि त्यांचं बोलणं ऐकायचं. हे फोकस ग्रुप लंडनच्या बाहेरही घ्यायचे होते. यादीत लेस्टर होतं.

मी काकांना फोनवर ते सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती. ते म्हणाले, "मला बसता येईल का तिथे?"

मी नाही म्हणू शकले असते. बाहेरच्या लोकांना परवानगी नसते, एवढं एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, "या ना काका. मी घ्यायला येते." आणि यादीत त्यांच्या नावापुढे 'सल्लागार' असं लिहून टाकलं.

अजून एक गोष्ट मी केली. ग्रुप घेणाऱ्या बाईंना ईमेल करून कळवलं की आधी जुनं दाखवा, त्यावर मुलांना मनसोक्त बोलू द्या आणि मग नवं दाखवा. क्लायंटला दोन डिझाइन दाखवायची असतील तर जे पाडायचं आहे ते आधी दाखवावं, हे मला काकांनीच शिकवलं होतं.

ती शनिवारची दुपार होती. स्टेशनजवळच्या एका इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या होत्या आणि मध्ये काच. आमच्या बाजूने आरपार दिसायचं, त्यांच्या बाजूला आरसा. काका कोट घालून आले होते, खिशात छोटी वही. आमच्या खोलीत तिसरा माणूस मार्केटिंगचा प्रमुख होता, पस्तिशीचा, नुकताच रुजू झालेला. मी काकांची ओळख करून दिली, "आमचे सल्लागार." मास्टहेड यांनी काढलंय, हे मी म्हटलं नाही. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसले.

पलीकडे आठ जण होते, पाच मुली, तीन मुलगे. समोर बटाट्याचे क्रिस्प्स आणि कोकचे कॅन. बाईंनी टेबलावर जुना अंक ठेवला आणि म्हणाल्या, "पहिल्यांदा मनात येईल ते सांगा. चूक-बरोबर काही नाही."

एक मुलगा म्हणाला, "डेंटिस्टच्या वेटिंग रूममध्ये असतं ते."

दुसरी म्हणाली, "माझा स्टेपडॅड वाचतो. आमच्या टॉयलेटमध्ये ढीग आहे."

सगळे हसले. माझ्या शेजारचा मार्केटिंगवाला हसला. काकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

"ही अक्षरं ओरडतायत माझ्यावर," एक जण म्हणाली. "आणि याला हे काय झालंय खाली? पाय मोडलाय का?" तिने 'आर'चा पाय बोटाने झाकला. "बघा, असं बरं दिसतं."

मग एक मुलगी बोलली, ती बहुतेक आपल्याकडचीच होती, गुजराती असावी. ती हसत नव्हती. "क्लबच्या दारात बाउन्सर उभा असतो ना, तसं वाटतं," ती म्हणाली. "म्हणजे आत काहीतरी असेल. पण मला बोलावलेलं नाहीये."

काकांनी हेही लिहून घेतलं, सावकाश, एकेक शब्द.

बाईंनी विचारलं, "हे कोणी काढलं असेल, कसा माणूस असेल असं वाटतं?"

"मेला असेल ना तो एव्हाना?" पहिला मुलगा म्हणाला.

"होप सो," आमच्या खोलीतला मार्केटिंगवाला पुटपुटला, आणि हसत बिस्किटांची प्लेट काकांपुढे धरली.

मी तिथेच होते, दोघांच्या मध्ये. एक वाक्य बोलायचं होतं. हेच ते गृहस्थ. मी काचेकडे बघत राहिले. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी बरं वाटत होतं. मी मनाशी म्हटलंही, आता कळू दे यांनाही.

काकांनी एक बिस्किट घेतलं. "थँक यू," म्हणाले, आणि पूर्ण खाल्लं.

मग नवं मास्टहेड आलं. मुलांनी पाहिलं. "हो, बरं आहे." "नाइस." "क्लीन आहे." "फोनवर दिसेल." बाईंनी खोदून खोदून विचारलं, पण त्यांना आणखी काही सांगायचं नव्हतं. एक जण फोन बघायला लागली. वीस मिनिटांत संपलं. मार्केटिंगवाल्याने माझ्याशी हात मिळवला. "जिंकलो आपण."

काकांना गाडीत बसवून मी त्यांच्या घराकडे निघाले. बेलग्रेव्ह रोडवर ट्रॅफिक अडलेला होता. बराच वेळ ते खिडकीबाहेर साड्यांची दुकानं बघत बसले.

"ती मुलगी बरोबर बोलली," मग म्हणाले. "बाउन्सरच काढला होता मी. तेव्हा पोरांना तेच हवं होतं. बापाला आत येऊ न देणारं दार. त्या दारातून आत शिरायला धडपडायची ती." थोडं थांबून म्हणाले, "आता यांना दारच नको."

मी गाडी दोन हात पुढे घेतली.

"आधी माझं दाखवायचं, हे तू सांगितलंस ना त्यांना?"

"हो."

"बरोबर केलंस." सिग्नल सुटला. "पण तुझं बघून कोणी हसलं नाही, हे लक्षात आलं का तुझ्या? कोणी चिडलं नाही. काही म्हणालंच नाही कोणी. माझं काढणारा मेला का, असं तरी विचारलं त्यांनी. तुझं कोणी काढलंय असंच वाटलं नाही कुणाला."

ते हे शांतपणे म्हणाले, एखादं पान तपासावं तसं. मला पुन्हा पहिल्या आठवड्यातली मुलगी झाल्यासारखं वाटलं. तेवढ्यावरून पुढे मी जे केलं ते केलं, असं मला कधी कधी वाटतं. पण ते निमित्त आहे.

घराच्या दारात काकू उभ्या होत्या. "ये ना आत, थालीपीठं लावलीयेत." काका कोट काढत म्हणाले, "तिला घाई आहे. जाऊ दे." मला काहीच घाई नव्हती. मी म्हटलं, "हो काकू, पुन्हा येईन," आणि मोटरवेला लागले.

नवं मास्टहेड बाहेर पडायच्या आधी मार्केटिंगने एक छोटा व्हिडिओ करायचं ठरवलं. जुना अंक श्रेडरमध्ये घालायचा, तो फाटत जाताना दाखवायचा आणि मग पांढऱ्यावर नवं नाव. मला विचारलं तेव्हा मी हो म्हटलं. शूटिंगला मी हजर होते. पहिल्या वेळी त्यांनी अंकाचं मुखपृष्ठ वरच्या कडेने आत घातलं, तर नाव एका सेकंदात नाहीसं झालं. सगळे पडद्याकडे बघत होते आणि काय चुकतंय ते कुणाच्या लक्षात येत नव्हतं. मी म्हटलं, "उलटं घाला. खालून. म्हणजे नाव शेवटी जाईल."

त्यांनी तसं केलं. चित्र गेलं, मथळे गेले, मग लाल अक्षरं यंत्राच्या तोंडाशी आली. सगळ्यात आधी 'आर'चा पाय आत ओढला गेला, कारण तोच खाली लोंबत होता. व्हिडिओ लोकांनी खूप पाहिला. लॉन्चच्या दिवशी आईने मला फोन केला. काकांच्या नातवाने तो त्यांना दाखवला होता, असं काकूंनी आईला सांगितलं होतं. "तुला माहीत होतं का गं हे असं करणार ते?" आईने विचारलं. मी म्हटलं, "नाही."

त्या महिन्यात काकांचा फोन आला नाही. त्यानंतरही नाही. पहिले काही महिने अंक निघाला की मी फोन जवळ ठेवायची. मग सवय सुटली.

जुने वाचक गेले, रागारागाची पत्रं लिहून गेले. दंडावर 'आर' गोंदलेल्या गृहस्थांनी लिहिलं होतं की आता हा हात घेऊन मी काय करू. ऑफिसात ते पत्र मोठ्याने वाचून दाखवलं गेलं आणि मीही हसले. नव्या मुली थोड्या आल्या, पण राहिल्या नाहीत. दीडेक वर्षाने छापील अंक बंद झाला. आता फोनवरचं ॲप उरलं आहे, त्याच्यावर मी काढलेलं एकच अक्षर. माझी नोकरी टिकली. मी बटणांची आणि चौकटींची चित्रं काढते.

अंक बंद झाला त्या दिवशी मी काकांच्या घरी फोन केला होता. सकाळचे अकरा वाजले असतील. काकू म्हणाल्या, "झोपलेत गं ते." मागून त्यांचा आवाज येत होता, ते कुणाला तरी चहात साखर कमी घालायला सांगत होते. काकूंनाही कळलं की मला ऐकू आलंय. मग त्या म्हणाल्या, "ठेवू?"

यंदा गणपतीला मी आईबरोबर लेस्टरच्या मंडळाच्या कार्यक्रमाला गेले. काका हॉलमध्ये पुढच्या रांगेत बसले होते, बारीक झालेले, हातात काठी. मी शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. काय बोलायचं ते गाडीत ठरवून आले होते. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी त्या खोलीत मी..."

"गाडी कुठे लावलीस?" त्यांनी विचारलं.

"मागच्या रस्त्यावर."

"तिथे कौन्सिलवाले दंडाचं तिकीट लावतात," ते म्हणाले. "शनिवारीसुद्धा." मग स्टेजकडे बघायला लागले. तिथे लहान मुलं स्तोत्र म्हणत होती, अर्धी विसरून.

मी उठले नाही. आरती होईपर्यंत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. मला पुन्हा सुरुवात करता आली नाही.