वांडाबाईंनी ठेवून घेतलेला चेंडू

शिकागोच्या मैदानातली उजवीकडची शेवटची बाकं म्हणजे वांडाबाईंचं राज्य. अडतीस वर्षं एकच जागा. शाळेच्या स्वयंपाकघरात पोरांच्या गलक्यावर ओरडून कमावलेला आवाज निवृत्तीनंतर सगळा बेसबॉलच्याच कामी आला होता. तिथला कायदा साधा. पाहुण्या संघाचा होमरन, म्हणजे मैदानाबाहेर जाणारा फटका, आपल्या बाकांत पडला, तर चेंडू ठेवून घ्यायचा नाही, मैदानात परत भिरकावायचा. कुणी जरा घुटमळलं की वांडाबाई उभ्या राहून ओरडायच्या, "फेक परत!" मग चारशे माणसं त्या बिचाऱ्याच्या मागे लागायची. भल्याभल्यांची गाळण उडायची.

आणि असल्या बाईचा नवरा कुठला, तर शिकागोच्या हाडवैऱ्यांचा, सेंट लुईसचा! ऑरव्हिलनं लग्न तेवढं शिकागोत केलं, टोपी काही बदलली नाही. वांडाबाईंनी त्याच्या संघाचे दोन चेंडू झेलले आणि दोन्ही परत फेकले. दुसऱ्या वेळी तो महिनाभर घुम्यासारखा बसला होता. आता सोमवारी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन. शनिवारी सामना नेमका सेंट लुईसशीच. सकाळी तो म्हणाला, "या वेळी आमचा एखादा चेंडू आण गं. उशाशी ठेवीन."

"सेंट लुईसचा? माझ्या हातानं? भूल द्यायच्या आधीच बरळायला लागलास की!"

असं म्हणाल्या खऱ्या, पण निघताना कुत्र्याच्या तोंडातला जुना चेंडू काढून बाईंनी गुपचूप पिशवीत टाकला.

नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगपर्यंत तीन-तीन अशी बरोबरी. शेंगा खाऊन खाऊन लोकांची तोंडं सुकली. तेवढ्यात सेंट लुईसच्या एका आडदांडानं असा काही फटका हाणला की चेंडू थेट वांडाबाईंनी पुढे धरलेल्या टोपीत. चार-तीन!

"फेक परत! फेक परत!" बाकं दणाणली. वांडाबाई खाली वाकल्या, पिशवीत हात घातला आणि दात-ओठ खाऊन चेंडू भिरकावला. काय टाळ्या पडल्या म्हणता!

शिकागोचाच एक खेळाडू तो उचलायला गेला. त्यानं चेंडू फिरवून पाहिला आणि पोट धरून हसायला लागला. पुढच्या क्षणी मैदानातल्या भल्यामोठ्या पडद्यावर कुत्र्याच्या दातांच्या खुणा झळकल्या.

"वांडाबाई, होमरन काय कुत्र्यानं मारला?" शेजारचा रिगो प्लंबर ओरडला. "लग्नाच्या वाढदिवशी मी झेललेला चेंडू तुम्हीच फेकायला लावलात! बायको अजून टोमणे मारते. टाका आता तुमचाही!"

"फेक परत!" चारशे गळे, आणि सगळे त्यांच्यावर. वांडाबाईंचा चेहरा लालबुंद झाला.

"नाही फेकत, जा! सोमवारी माझ्या म्हाताऱ्याची छाती फाडणार आहेत. तो धड घरी आला की मग काय बोलायचं ते बोला!"

सगळे एकदम चिडीचूप. ती शांतता बाईंना ओरड्यापेक्षा जड गेली. डोळे भरून आले, आणि ते काही या लोकांना दाखवायचे नव्हते. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच त्या सामना अर्धा टाकून निघाल्या. बसथांब्यावर पोहोचतात न पोहोचतात तोच मागून प्रचंड आरोळी उठली. रस्त्यावरच्या गाड्या भोंगे वाजवू लागल्या. वांडाबाईंनी कपाळावर हात मारला आणि बस पकडली.

ऑरव्हिल रेडिओशेजारीच बसला होता. बाईंनी चेंडू त्याच्या मांडीवर टाकला. म्हाताऱ्यानं तो उलटून-पालटून पाहिला.

"जिंकलात गं तुम्ही," तो म्हणाला. "अगदी शेवटच्या फटक्यावर."

"मला सांगतोस? तिथेच तर होते मी."

"मग सांग की, कसा मारला ते."

वांडाबाई ऐसपैस बसल्या. चेंडू कसा आभाळात गेला, आमच्याच डोक्यावरून कसा सणसणत बाहेर पडला, रिगोनं कशी मिठी मारली, सगळं हातवारे करून सांगू लागल्या. रेडिओवर तर तो फटका डाव्या कोपऱ्यात जमिनीवरून घरंगळत गेला होता, तेवढ्यात दोन धावा निघाल्या होत्या.

ऑरव्हिलनं चेंडू मुठीत घट्ट धरला.

"बरं, मग?" तो म्हणाला. "पुढे सांग."